तेरावा प्रश्न

प्राथमिक शाळेच्या मास्तराची नेमणूक शिकवायला होते, पण माझी निम्मी नोकरी लोकांना प्रश्न विचारण्यात गेली. जनगणना, मतदार याद्या, साक्षरतेची पाहणी, शाळेत न येणारी पोरं, दारिद्र्यरेषा, पुराचे पंचनामे. कुठलंही खातं असो, गावात घरोघरी फिरायचं काम निघालं की आदेशात मास्तरांचं नाव असायचंच. करवीर तालुक्यात भोगावती आणि पंचगंगेच्या काठच्या गावांत मी नोकरी केली आणि माझं गावही त्याच पट्ट्यातलं. त्यामुळं ज्यांच्या दारात कागद घेऊन उभा राहायचो ती माणसं बहुतेक ओळखीची. कुणाचा पोरगा माझ्या वर्गात, कुणाकडचं दूध माझ्या घरी. अशा माणसाला "तुमच्या घरात दोन वेळचं जेवण मिळतं का?" असं विचारायचं म्हणजे काय असतं, ते विचारणाऱ्यालाच ठाऊक.

आमच्या भागाला असं विचारण्याचा इतिहास जुना आहे. शाहू महाराजांच्या गोष्टी तर इथं प्रत्येक गावाच्या स्वतःच्या आहेत. महाराज आमच्या बांधावर बसले, आमच्या पणजीच्या हातची भाकरी खाल्ली, आमच्या मोटेवर पाणी प्याले. सगळ्या गोष्टी खऱ्या धरल्या तर महाराजांना राज्य करायला दिवस उरला नसता. पण त्या उगाच जन्मल्या नाहीत. १८९४ साली ते गादीवर आले आणि दोनच वर्षांत दुष्काळ पडला. तेव्हा वीस-बावीस वर्षांचा हा राजा स्वतः मुलखात फिरला. पुढंही सोनतळीच्या आणि राधानगरीच्या कॅम्पवर गवळी-धनगरापासून पैलवानापर्यंत कुणीही जाऊन गाऱ्हाणं सांगावं, अशी रीत राहिली. गाऱ्हाणं सांगायला नमुना लागत नाही. माणूस जिथून दुखतं तिथून सुरुवात करतो. म्हशीपासून सुरू होऊन भावकीच्या वाटणीवर येतो आणि शेवटी कळतं, की खरं दुखणं पाण्याचं आहे.

पण याच महाराजांची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर "लोकांना विचारा म्हणजे झालं" असा सोपा निष्कर्ष निघेल. १९१७ साली त्यांनी संस्थानात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केलं आणि १९१८ च्या मार्चमध्ये त्यातली पहिली शाळा चिखलीत सुरू झाली. हे चिखली म्हणजे प्रयाग चिखली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती इथंच मिळतात आणि पुढं पंचगंगा होते. पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड होता. तेव्हाचा रुपया म्हणजे गड्याची काही दिवसांची मजुरी. त्या वेळी चिखलीच्या चावडीत बसून "तुमची पहिली गरज काय?" असं कुणी विचारलं असतं, तर शाळा म्हणणारा एक तरी निघाला असता का, याची मला शंका आहे. गुरं राखायला पोरगं हवं, हीच तेव्हाची गरज. मी मास्तर झालो, माझ्या आधीची एक पिढी सही करायला शिकली, ते त्या न विचारलेल्या प्रश्नामुळं. लोकांची गरज लोकांनाच कळते हे खरं, पण सगळीच कळते असं नाही. हे माझं मत कार्यकर्त्या मंडळींना आवडत नाही.

गंमत म्हणजे त्याच १९१७ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी इंग्रजीत छापली. एकच गाव, पण शेत न् शेत आणि घर न् घर. कुणाची जमीन किती तुकड्यांत फाटली, कुणावर कर्ज किती, जमीन आणि मजुरी मिळून वर्ष निघतं का. खेड्याकडं असं मोजमाप घेऊन बघण्याची आपल्याकडची वाट तिथून रुळली. आज पिंपळे सौदागरला उंच इमारती आहेत आणि तिथं राहणाऱ्यांना हे माहीत असायचं कारण नाही. पण आमच्या हातात पुढं जे तक्ते आले त्यांचं गोत्र हेच. एका टोकाला सोनतळीचं गाऱ्हाणं, दुसऱ्या टोकाला मॅनसाहेबांचा तक्ता. या दोन्हींच्या मधे मास्तर उभा.

आता २००२ चं सांगतो. दारिद्र्यरेषेखालची कुटुंबं ठरवण्यासाठी त्या वर्षीच्या पाहणीत तेरा प्रश्न होते. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. शाळेतल्या परीक्षेपेक्षा उलटं गणित, गुण जितके कमी तितका माणूस गरीब. जमीन किती, घर कसलं, माणशी कपडे किती, जेवण किती वेळा, संडास कुठं, घरात टीव्ही-पंखा-कुकर-रेडिओ आहे का, शिक्षण, कर्ज, कामासाठी बाहेरगावी जाता का, असे एकेक.

हे प्रश्न दिल्लीत बसून साऱ्या देशासाठी काढलेले. ते आमच्या जिल्ह्यात आले की त्यांचं काय व्हायचं ते बघण्यासारखं होतं. कर्जाचा प्रश्न घ्या. सावकाराकडून पोटासाठी उचल घेतली असेल तर शून्य गुण, आणि फक्त संस्थेचं, बँकेचं कर्ज असेल तर तीन. देशात इतरत्र हे बरोबर असेल, बँक दारात उभं करते तो जरा बऱ्यातला. पण कोल्हापुरात गावोगाव विकास सेवा सोसायटी. वीस गुंठ्यांचा धनीसुद्धा सोसायटीचा सभासद आणि उसावर कर्ज उचललेला. त्यानं खरं सांगितलं की तीन गुण पडलेच. स्थलांतराचंही तसंच. मजुरीसाठी गाव सोडणाऱ्याला शून्य, गावातच राहणाऱ्याला तीन. आमच्याकडं माणूस गाव सोडत नाही कारण दावणीला म्हैस असते आणि दोन वेळच्या धारा काढून डेअरीला दूध घालायचं असतं. म्हैस बऱ्याचदा स्वतःची नसते, अर्धलीची असते. आधीच्या पिढ्यांनी खपून सहकार उभा केला आणि तक्त्यात त्याच्यामुळं गरीब माणूस श्रीमंत दिसायला लागला.

कपड्यांचा प्रश्न विचारताना माझ्याबरोबरचा पोरगा खाली मान घालायचा. परक्या बाईला लुगडी किती म्हणून कसं विचारणार? मी वलणीवर नजर टाकून अंदाजानं विचारायचो, "आक्का, सणाचं धरून चारेक असतील न्हवं?" ती हसून म्हणायची, "लिवा तुमच्या मनानं." दोन-तीन दिवसांत गावाला गुणांचं गणित कळलं. मग वलणी रिकाम्या झाल्या, टीव्हीवर गोधडी पडली, कुकर शेजारच्या घरी पाहुणा गेला. एका बऱ्यापैकी बागायतदारानं मला दारातच सांगितलं, "मास्तर, आमी एकच वेळ जेवतो बगा." आतून मटणाचा वास येत होता. मी काही बोललो नाही. त्याच्या दारात उभ्या ट्रॅक्टरचेच चार गुण होते.

आणि मग तेरावा प्रश्न. मदत कोणत्या स्वरूपात हवी? रोजगार किंवा रेशनचं धान्य हवं असेल तर शून्य. स्वतःचा धंदा काढायचा असेल तर एक, प्रशिक्षण दोन, घर तीन. आणि लाखाच्या वरचं कर्ज हवं असेल, किंवा कसलीच मदत नको असेल, तर चार.

गावाच्या खालच्या आळीला एक विधवा म्हातारी होती. भांगलणीला जायची, उसाचा पाला काढायची, नातवाला सांभाळायची. पोरगा-सून मुंबईला गेली ती तिकडचीच झाली. आमचे बारा प्रश्न होईपर्यंत तिनं शेणानं सारवलेल्या सोप्यात आम्हाला बसवून घेतलं, गूळ-पाणी दिलं. तेरावा प्रश्न पोरानं जसा छापला होता तसा वाचला.

"आमाला काय नगं बाबा कुणाचं," म्हातारी म्हणाली. "हात-पाय हाईत तवर हाईत."

पोरानं चारवर पेन टेकवलं. मी त्याचा हात धरला आणि म्हातारीला विचारलं, "आक्का, मदतीचं ऱ्हाऊ दे. सरकारनं रस्त्याचं, तळ्याचं काम काढलं तर जाशीला का?"

"जातो की! काम कुठं नगं म्हटलं मी?" (आमच्याकडं बायकाही 'मी जातो, मी करतो' असंच म्हणतात, बाहेरच्याला चमत्कारिक वाटतं.) "कामाचं इचारलंसा व्हय? मला वाटलं भीक इचारतासा."

चारच्या जागी शून्य आलं. तीच बाई, तोच सोपा, तोच दिवस. मधे फक्त एक शब्द बदलला. आमच्या बोलीत 'मदत' घेणारा ओशाळा होतो, 'गरज' असणारा लाचार असतो, आणि 'अडचण' मात्र कुणालाही असते, पाटलालाही असते. "अडचण काय हाय?" म्हणून विचारलं की माणूस मोकळा बोलतो. "गरज काय?" म्हटलं की मान ताठ होते. छापील नमुन्यात अडचण हा शब्द मला सगळ्या नोकरीत एकदाही दिसला नाही. ज्यानं मान ताठ ठेवली त्याचे गुण वाढले आणि ज्यानं ट्रॅक्टर दडवायची खटपट केली त्याला गणित आधीच कळलेलं होतं. पुढं ती यादी कितीतरी वर्षं घरकुलाला लागू होती, म्हणून हा खेळ नव्हता. त्या चार गुणांवर एखाद्याच्या डोक्यावर छप्पर यायचं की नाही ते ठरत होतं.

त्याच सुमाराला वारं बदललं होतं. पाणी योजनेसाठी गावानं मागणी करायची, खर्चाचा दहावा हिस्सा लोकवर्गणीतून द्यायचा, समितीत निम्म्या बायका घ्यायच्या, असं धोरण आलं. जागतिक बँकेच्या पैशातली जलस्वराज्य योजनाही याच चालीची. गावोगाव शिवारफेऱ्या निघायला लागल्या. देवळापुढं रांगोळीनं गावाचा नकाशा काढायचा, त्यावर घरं, विहिरी, ओढे दाखवायचे, मग चिंचोके टाकून गरजांचा क्रम लावायचा. मला हे मनापासून आवडलं. निदान उभ्यानं प्रश्न विचारणं थांबलं, विचारणारा भुईवर बसला.

आमच्या गावातही शहरातली शिकाऊ पोरं-पोरी अशा कामाला आली होती. त्यांनी जमिनीवर चित्रं मांडली. नळ, शाळा, रस्ता, दवाखाना, गटार, समाजमंदिर. प्रत्येकाला पाच चिंचोके. बायका नळावर टाकत होत्या, तरणी पोरं रस्त्यावर. एक म्हातारा कितीतरी वेळ चिंचोके मुठीत धरून उभा होता. पोरीनं विचारलं, "आजोबा, टाका की." म्हाताऱ्यानं सगळी चित्रं पुन्हा एकदा बघितली आणि पाची चिंचोके चित्रांच्या बाहेर मोकळ्या भुईवर ठेवले. म्हणाला, "ह्यात मसनवटीचं चित्र न्हाई."

पोरांना कळेना. आम्हाला कळलं. नदीकाठच्या गावाची स्मशानभूमी नदीकाठीच असते. आषाढ-श्रावणात पाणी चढलं की ती पहिल्यांदा बुडते. त्या दिवसांत घरात मयत झालं तर लाकडं ओली, रस्ता पाण्याखाली, आणि मढं घेऊन जायचं कुठं? म्हाताऱ्यानं आदल्या पावसाळ्यात बायकोचं मढं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून दुसऱ्या गावच्या माळावर नेलं होतं. कुणीतरी हसलं, कुणीतरी "आजोबाला वरची घाई हाय" असं म्हणालं. मग हळूहळू आणखी चार-पाच म्हातारी माणसं पुढं आली आणि त्यांनीही आपले चिंचोके तिथंच ठेवले. त्या पोरीनं हुशारी केली. कागदावर भराभर एक चौथरा आणि शेड काढून तो कागद त्या ढिगाखाली सरकवला. पुढं उंचावर पत्र्याची शेड झाली, पण त्याला बरीच वर्षं लागली.

पुराचा विषय निघाला आहे तर मूळ दुखण्याकडं येतो. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की खालच्या गावांचा जीव टांगणीला लागतो. शासन पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. गावाचं माप वेगळं आहे. पाणी मळीत आलं, पाणी पाराला लागलं, पाणी मारुतीच्या दुसऱ्या पायरीला. म्हातारी माणसं दुसऱ्या पायरीपर्यंत शांत असतात. १९८९ च्या पुरानंतर चिखली आणि आंबेवाडी या गावांना सोनतळीला जागा दिली गेली. तेच सोनतळी, जिथं महाराजांचा कॅम्प होता. काही घरं तिकडं गेली, पुष्कळ गेली नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैमध्ये ५६ च्याही वर. दोन्ही वेळा या गावांतली माणसं बोटींतून काढावी लागली. टीव्हीवर शहरातली शहाणी माणसं विचारत होती, "जागा दिलेली असताना हे लोक जात का नाहीत?"

प्रश्न चुकीचा नाही, पण तो बोटीत बसलेल्या माणसाला विचारण्याचा नाही. मी तो पाणी ओसरल्यावर, गाळ काढता काढता, आमच्याच पट्ट्यातल्या अनेकांना विचारला. माझ्याकडं नमुना नव्हता, तेव्हा मी निवृत्त झालो होतो. उत्तरं एकाच जागी येऊन थांबायची, गोठ्यात. प्लॉट घराचा मिळतो. गोठ्याचा, वैरणीच्या गंजीचा, शेणकीचा, उकिरड्याचा मिळत नाही. पहाटे धार काढायची, मग शेतावर जायचं, वैरणीचा भारा डोक्यावर आणायचा, सांजच्याला पुन्हा धार. शेत नदीकाठी आणि घर माळावर म्हणजे हा भारा कुठून कुठं वाहायचा? आणि वाहणार कोण, तर घरातली बाई. १९८९ ला एक घर होतं तिथं आता तीन भावांच्या तीन चुली आहेत, प्लॉट एकच. शिवाय नदी वर्षातले आठ-दहा दिवस वैरी असते, बाकीचे दिवस तीच पोसते. काठची काळी जमीन, काठचा ऊस, काठचं गवत. माणसं हट्टानं राहत नाहीत, हिशेबानं राहतात. त्या हिशेबात चूक असेलही. लेकराबाळांचा जीव त्यात कमी धरला जातो, हे मी तोंडावर बोललोही आहे. पण तो हिशेब आहे हे आधी मान्य करावं लागतं.

कोयना धरणाच्या विस्थापितांची पाहणी इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली, ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. माणसं उठल्यानंतरची पाहणी ती. धरणग्रस्तांच्या बाबतीत आपल्याकडं विचारणं बहुधा नंतरच होतं. पूरग्रस्तांच्या बाबतीत तरी आधी विचारायला वेळ आहे, कारण पूर पुन्हा येणार हे सगळ्यांना माहीत आहे.

२०१९ च्या पंचनाम्यांना मदत म्हणून मी तरुण मास्तरांबरोबर चार दिवस हिंडलो. पडलेली घरं, वाहून गेलेली भांडी, मेलेली जनावरं. लोकांना दारासमोर गाड्याच्या गाड्या जुने कपडे येऊन पडलेले होते, आणि गोठ्यात उरलेली म्हैस उपाशी हंबरत होती. दानशूरांचं मन मोठं, यात शंका नाही, पण पहिल्या दोन दिवसांत एकानंही ओला चारा आणला नव्हता. तिसऱ्या दिवशी वरच्या गावांतून उसाच्या वाड्यांचे ट्रॅक्टर आले. ते आणणाऱ्यांना कुणी पाहणी करून सांगितलं नव्हतं. त्यांच्या दावणीला म्हशी होत्या.

एका घरी धनी आणि त्याची बायको पाण्याच्या रेषेपर्यंत भिंत धूत होते. भिंतीवर माणसाच्या उंचीच्या वर गाळाची पट्टी. तरुण मास्तरानं पंचनामा उरकला आणि जाता जाता सहज विचारलं, "आण्णा, वर जागा दिली तर जाणार का?"

"जातो की," आण्णा म्हणाले.

बायकोनं कुंचा खाली ठेवला. "कुठलं जातो? म्हसरं कुठं बांधायची? गुरूजी, असं लिवा. पावसाळ्याचं चार म्हयनं म्हसरांसकट जागा द्या, आमी वर जातो. बाकीचं आट म्हयनं आमी हितंच. नदी काय बाराही म्हयनं येत न्हाई."

मास्तर माझ्याकडं बघायला लागला. त्याच्या कागदावर हे लिहायला रकाना नव्हता. मी त्याला शेवटचा, अरुंद 'शेरा' दाखवला आणि बारीक अक्षरात लिहायला सांगितलं. ते लिहून होईपर्यंत बाई कुंचा हातात घेऊन तिथंच उभी होती. मग म्हणाली, "वाचून दावा बगू काय लिवलंय."